व्याही आत येईनात

लोणारच्या दयारामांना रविवारी मुलीचा साखरपुडा करायचा होता, आणि गुरुवारी सकाळी त्यांचा आवाजच गेला. आधी नुसती सर्दी होती. शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांच्या बायकोनं, जनकाबाईंनी, आलं-गुळाचा काढा केला, दयारामांनी तो औषध म्हणून तांब्याभर पोटात घातला, आणि मग असे खोकू लागले की कौलावरची कबुतरं उडाली.

"व्हायरलच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साथ घरोघरी आहे. पण काका, तुमची शुगर वाढलीय. अशा वेळी अंगात लढायला जोर राहत नाही. दुसऱ्याचं नाकावर निभावतं, तुमचं छातीत उतरू शकतं. वर तापानं साखर आणखी चढते. गोड बंद, गोळी चुकवायची नाही, आठवडाभर गर्दीत बसायचं नाही. दम लागला तर वाट न पाहता इकडे या."

"गूळ?" दयारामांनी खुणेनंच विचारलं.

"गूळही साखरच."

घरी आल्यावर खरा पेच पडला. रविवार पुढे ढकलायचा, पण उंद्रीच्या व्याह्यांना कारण काय सांगायचं? दयारामांची शुगर त्यांना ठाऊक नव्हती.

"म्हनतीन खानदानी रोग हाय," दयाराम कुजबुजले. "पोरीचं जमलेलं मोडीन."

"मंग मी म्हणते, घरी अडचण हाय," जनकाबाईंनी फोन लावला. मुलगी सारिका गोळ्या आणायला मेडिकलवर गेली होती.

"जयभीम, ईनबाई!" पलीकडून व्याही उकंडरावांचा दणदणीत आवाज आला.

"जयभीम, भाऊ. तो रविवारचा साखरपुडा..." एवढ्यात जनकाबाईंना दिसलं की नवऱ्यानं उरलेल्या काढ्याचा तांब्या तोंडाला लावलाय. "बंद म्हणजे बंद! नाव काढू नका आता या घरात!" म्हणत त्या तांब्यावर झेपावल्या, आणि फोन काढ्यात पडला.

मग दयारामांचा फोन वाजत राहिला. त्यांना आवाज नव्हता, आणि जनकाबाईंना धीर नव्हता. "काऊन म्हणून विचारलं तं काय सांगू?" फोन उशीखाली गेला.

दुपारी जीप दारात उभी राहिली. उकंडराव उतरले, तोंडाला दुपट्टा गुंडाळून उंबऱ्याबाहेर थांबले.

"आत या ना, भाऊ."

"नाही."

"पाणी तं घ्या."

"इथूनच बोलतो. साखरपुडा काऊन मोडला?"

आत दयाराम खोकले. उकंडराव आणखी मागे सरकून अंगणात गेले. जनकाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. यांना आपल्या दारातही उभं राहायचं नाही!

"मोडला कुठं, भाऊ? मी यांले म्हणत होती, काढा बंद."

"काढ्यापायी पोरीचा साखरपुडा बंद?"

"त्यात गूळ होता ना!"

"गुळानं काय घोडं मारलं तुमचं?"

एवढ्यात सारिका आली. आईचं तोंड पाहिलं, खाटेवरच्या बापाला पाहिलं, आणि गोळ्यांची पुडी छातीशी धरून म्हणाली, "मामाजी, बाबाले शुगर हाय. त्यात हा ताप. छातीत उतरू नये म्हणून गर्दी बंद सांगतली. मोडायचं असन तं मोडा, पण बाबाले रविवारी मांडवात बसवणार नाही मी."

दयारामांनी डोळे मिटून घेतले.

"गोळी कोणती?" दुपट्ट्याआडून आवाज आला. "जेवणाआधीची का नंतरची?"

"आधीची," जनकाबाई चाचरल्या.

"माही दोन्ही टाइमची." उकंडराव खाली पाहून बोलले. "मागच्या साली असाच ताप आला, तं ऑक्सिजनवर निजलो होतो. तवापासून साथ आली की मी कोणाच्या घरात पाय टाकत नाही, कोणी खोकललं की लांब पळतो. तुम्हाले सांगतलं नाही. तुम्ही म्हनसान, खानदानी रोग हाय."

दयारामांना हसू फुटलं. हसण्याचा खोकला झाला, आणि व्याही थेट जीपच्या पलीकडे गेले.

तिथूनच ओरडून आठ दिवसांनंतरचं ठरलं. तब्येत ठीक असेल तर, घरच्यापुरतंच. निघताना मात्र उकंडराव दुपट्टा घट्ट करून खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "व्याही, जेवणात जिलेबी ठेवजा. ईनबाईंची नजर चुकवून दोन माह्या पानात सरकवजा. आमच्या घरी कोण ध्यान ठेवते एवढं?"

खिडकीच्या आत सारिका बापाला गोळी देत होती.

"मामाजी," ती म्हणाली, "मी येऊन राह्यली ना आता."