साळूबाईची यशोगाथा

एका जंगलात जमिनीखाली चकाकणारे दगड होते. तिथल्या प्राण्यांना त्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. दगड खाता येत नाही, पांघरता येत नाही आणि डोक्यात पडला तर लागतो, एवढं त्यांना कळत होतं. पण समुद्रापलीकडच्या श्रीमंत जंगलांत या दगडांचे हार घालायची फॅशन निघाली. आणि बाळांनो, फॅशन आली की मागोमाग तरस येतात.

तरसांच्या टोळ्या आल्या. प्रत्येक टोळी म्हणाली, "दगड आमचे." मग टोळ्या लढल्या. लढले तरस आणि मेले ससे, भेकरं आणि साळिंदरं. त्यात नवल काही नाही. दोन दांडगी पोरं भांडतात तेव्हा पाटी तिसऱ्याचीच फुटते.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहायची. तिचा नवरा "कसला आवाज येतोय, बघून येतो" म्हणून बिळाबाहेर गेला आणि आलाच नाही. साळूबाईने वाट पाहिली. मग आवाज जवळ आला. तेव्हा तिने थोरल्या टोच्याला पुढे घातलं, धाकट्या मऊला तोंडात धरलं आणि ती नदी ओलांडून शेजारच्या जंगलात आली. मऊ इतकी लहान होती की तिचे काटे अजून टोचत नव्हते.

शेजारचं जंगल काही गडगंज नव्हतं. तिथल्या हरणांच्याही बरगड्या मोजता आल्या असत्या. तरी तिथल्या वाघोबाने नदी ओलांडून आलेल्यांना हाकललं नाही. काठावरची एक उघडी टेकडी दाखवली आणि म्हणाला, "इथे राहा. टेकडीखाली उतरायचं नाही. बाकी आनंद आहे." आणि नियम करून तो झोपायला गेला.

टेकडीवर गवत नव्हतं, कंद नव्हते, सावलीही नव्हती. पण बगळे होते.

पांढरेशुभ्र बगळे, एका पायावर उभे राहून विचार करणारे. त्यांच्या संस्थेचं नाव 'करुणा पंख'. समुद्रापलीकडचे दाते मका पाठवायचे आणि बगळे तो वाटायचे. खोटं कशाला बोला, नीट वाटायचे. रोज सकाळी प्रत्येक बिळासमोर टोपलीभर मका पडायचा. टोच्या उंच झाला. मऊचे काटे कडक होऊ लागले. साळूबाईला रात्री झोप लागू लागली.

मग टोपली अर्धी झाली. मग पाव झाली. मग टोपलीच तेवढी येऊ लागली, मका येईना.

साळूबाई बगळ्यांच्या म्होरक्याकडे गेली. त्याचं नाव धवलराव.

"काय झालं, धवलराव?"

धवलरावांनी पाय बदलला. "निधीची तूट आहे, बाई. दाते यंदा नखांना धार लावून घेतायत. खर्चाचं काम आहे ते."

"नखांना धार कशाला?"

"त्यांना एकमेकांची भीती वाटते."

"आणि आमचं काय?"

"तुमची कुणाला भीतीच वाटत नाही. तीच तर अडचण आहे."

धवलराव वाईट नव्हते, बरं का. त्यांनी बैठक बोलावली. बैठक नदीकाठी झाली आणि भुकेवर पुष्कळ बोलणं झालं. मध्ये बोलणाऱ्यांना भूक लागली, तेव्हा मासे आले. शेवटी असं ठरलं की मका थोडा आहे, तर भूकच वाटून घ्यावी. दुसऱ्या दिवशी टेकडीवरचे सगळे प्राणी तीन रांगांत उभे केले गेले. भुकेले, फार भुकेले आणि अतिभुकेले. मका फक्त तिसऱ्या रांगेला.

साळूबाई दुसऱ्या रांगेत होती.

"तिसऱ्या रांगेत जायचं तर काय करावं लागतं?" तिने विचारलं.

"उभं राहता येता कामा नये."

"उभं राहता येत नसेल तर रांगेत यायचं कसं?"

धवलरावांनी पुन्हा पाय बदलला. "मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले. "पुढच्या बैठकीत मांडतो."

एका सकाळी साळूबाईने मऊला चाटून साफ करायला घेतलं, आणि मऊच्या पाठीवरचे काटे तिच्या जिभेला चिकटून आले. मूठभर. मऊ रडली नाही, कुरकुरलीही नाही. तिने फक्त डोळे मिटून घेतले.

साळूबाईने काटे थुंकले. टोच्याला म्हणाली, "बहिणीजवळ बस. हलायचं नाही." आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ती टेकडी उतरली.

टेकडीच्या पलीकडे एक उतार होता. तिथल्या मातीला कंदांचा वास होता. तो वास रोज वाऱ्याबरोबर टेकडीवर यायचा आणि साळूबाई रोज नाक दुसरीकडे वळवायची. आज तिने नाक वळवलं नाही. ती खणायला लागली. हातभर खणून झालं तेव्हा तिच्यावर एक मोठी काळी सावली पडली.

ती त्या जंगलातली म्हातारी अस्वलीण होती. सगळे तिला अस्वलीणकाकू म्हणत, पण लांबून.

"कोण गं तू? माझ्या उतारावर काय उकरतेस?"

"कंद."

"चोरतेस?"

"हो."

अस्वलीणकाकूला इतक्या सरळ उत्तराची सवय नव्हती. ती दाणकन खाली बसली.

"पोरं आहेत?"

"दोन. धाकटीचे काटे गळतायत."

काकूने आपले पंजे पुढे केले. नखं झिजून गोल झाली होती. "माझं बघ. खाली कंद पडलेत ढिगाने आणि मी वरून वास घेत बसते. वास खाऊन पोट भरतं होय? खण. निम्मे तुझे, निम्मे माझे. मोठे माझे."

"मोठे तुमचे का?"

"उतार माझा आहे."

"पोटं माझ्याकडे जास्त आहेत."

"चोर ती चोर आणि वर भाव करते!" काकू गुरगुरली. पण तिला मजा वाटत होती. तिच्याशी कुणी भांडून बरेच दिवस झाले होते. "बरं, मोठे आळीपाळीने."

"आणि वाघोबाचा नियम?"

"वाघोबा झोपलाय. उठवायला तू जातेस का?"

अशी साळूबाई रोज खणू लागली. कंद काढला की त्याचा शेंडा परत मातीत पुरायची. काकू शेजारी बसून जंगलातल्या सगळ्यांची निंदा करायची आणि सोललेले कंद मटकावायची. मऊने आधी कंद चोखला, मग चावला, मग टोच्याच्या वाट्याचा पळवला. त्या दिवशी टोच्याने आरडाओरडा केला आणि साळूबाई बिळामागे जाऊन एकटीच हसली. मऊच्या पाठीवर नवे काटे फुटले. पांढरे, कोवळे, पण काटे.

आता खरी गंमत ऐका.

समुद्रापलीकडून एक पाहुण्या येणार होत्या. दात्यांच्या प्रतिनिधी. एक शहामृग, नाव उंचमाने मॅडम. धवलरावांना रात्रभर झोप लागली नाही. त्यांनी सकाळीच साळूबाईला गाठलं.

"मॅडमना एक कुटुंब दाखवायचंय. तुम्ही नीटनेटक्या आहात. फक्त जरा उपाशी दिसा."

"बरं."

"पण फार उपाशी नको. नाहीतर त्या म्हणतील, आजवर दिलेला मका गेला कुठे?"

"बरं."

"हसरं असावं. पण हसण्यात भूक दिसावी."

साळूबाईने प्रयत्न केला. टोच्या म्हणाला, "आई, तुझं पोट दुखतंय का?"

"अगदी असंच!" धवलराव म्हणाले.

उंचमाने मॅडम आल्या. त्या खूप उंच होत्या, त्यामुळे त्यांना टेकडी सगळी दिसली, पण बिळं दिसली नाहीत. त्यांनी मऊकडे वाकून पाहिलं आणि त्यांचे मोठे मोठे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते, हे मी मुद्दाम सांगतो. वाकताना त्यांच्या गळ्यातला हार लोंबला आणि साळूबाईच्या नाकासमोर आला.

"हे दगड आमच्याकडचे," साळूबाई म्हणाली.

"खरंच?" मॅडमना फार आनंद झाला. "म्हणजे आपलं नातं जुनंच की!"

"मॅडम, तुम्ही सगळ्यांनी हे घालणं सोडलंत तर तरस तिथे थांबायचे नाहीत. आम्ही आमच्या घरी जाऊ. मग मका नको आणि काही नको."

उंचमाने मॅडमनी एकदम मान खाली घातली आणि डोकं वाळूत खुपसलं. सगळे बगळे अदबीने थांबले.

"विचार करतायत," धवलराव कुजबुजले.

बऱ्याच वेळाने मॅडमनी डोकं वर काढलं, वाळू झटकली आणि प्रसन्न चेहऱ्याने विचारलं, "ही छोटी काय खातेय?"

मऊ कंद खात होती. तिला उपाशी दिसायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कंद," साळूबाई म्हणाली. "मी खणून आणते."

"स्वतः? आमच्या मक्याशिवाय?" मॅडमनी दोन्ही पंख फडफडवले. "धवलराव, अहो, हे तर स्वतःच्या पायावर उभे आहेत! आणि तुम्ही आम्हाला सांगत होता की इथे भूक आहे!"

"मॅडम, हे एकच बीळ..."

"शितावरून भाताची परीक्षा होते, धवलराव."

धवलरावांना सांगायचं होतं की इथे भातच नाही, हे एवढं एकच शीत आहे. त्यांनी चोचही उघडली. पण त्यांचा स्वतःचा पगार त्याच टोपलीतून यायचा. त्यांनी चोच मिटली.

पुढच्या आठवड्यात टेकडीवर समारंभ झाला. साळूबाईच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तिची यशोगाथा सगळ्या श्रीमंत जंगलांत वाचून दाखवली गेली आणि ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले. मका बंद झाला. तिसऱ्या रांगेचासुद्धा. निघताना धवलराव साळूबाईसमोर उभे राहिले, या खेपेला दोन्ही पायांवर.

"आम्ही यशस्वी झालो, बाई," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, यशस्वी झाल्यावर बरं वाटेल."

आणि बगळे उडून गेले.

शेजारच्या बिळातला भेकरभाऊ साळूबाईच्या दारात आला. त्याला धड उभं राहता येत नव्हतं. "तुझ्या पोरीने कंद खाल्ला," तो म्हणाला, "म्हणून माझ्या पोरांचा मका गेला."

साळूबाईने मऊकडे पाहिलं. त्या क्षणी तिला वाटून गेलं की मऊ तेव्हा झोपलेली असती तर बरं झालं असतं. मग असं वाटल्याची तिला लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. रागारागातच ती म्हणाली, "चला सगळे माझ्याबरोबर."

टेकडीवरचं सगळं गणगोत आपल्या उताराकडे येताना पाहून अस्वलीणकाकू उभी राहिली. "मी एक चोर ठेवला होता! तू टोळी घेऊन आलीस?"

"निम्मे तुमचे," साळूबाई म्हणाली.

"एवढ्यांत निम्म्याला उरणार काय, शेपूट?" काकू ओरडली. मग तिने भेकरभाऊच्या पोरांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "खणा मेल्यांनो. मोठ्याने बोलू नका. वाघोबा उठेल."

कंद सगळ्यांना पुरले असं सांगून मला तुम्हाला झोपवता आलं असतं. पण ते पुरले नाहीत. एक उतार तो केवढा! भेकरभाऊने काही दिवस काढले आणि एका पहाटे तो पोरांना घेऊन परत नदीत उतरला. "उपाशी मरण्यापेक्षा ओळखीच्या तरसाने खाल्लेलं बरं," म्हणाला. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. त्याच्या वाट्याचे कंद साळूबाईने बरेच दिवस बाजूला काढून ठेवले होते. शेवटी ते सडायला लागले, तेव्हा तिने ते जमिनीत पुरले.

त्यांना पालवी फुटली त्या सुमारास नदीच्या त्या अंगाला पुन्हा आवाज झाला. सशांचं एक कुटुंब चिंब भिजून टेकडीवर चढलं. सशिणीने चारी बाजूंना पाहिलं.

"आम्हाला सांगितलं होतं, इथे बगळे असतात. मका देतात. कुठे आहेत?"

"गेले," साळूबाई म्हणाली. "यशस्वी झाले."

"मग आता?"

साळूबाईने सशिणीचे पंजे हातात घेतले, उलटे करून पाहिले. नखं चांगली होती.

"पोरांना आधी काहीतरी चघळायला देते," ती म्हणाली. "मग तू माझ्याबरोबर चल. आणि खाली एक म्हातारी शिव्या देईल. घाबरू नकोस, तिची रीतच तशी आहे."

तात्पर्य : दुसऱ्याच्या मदतीवर जगत असाल तर चुकूनही स्वतःच्या पायावर उभे राहू नका. आणि राहिलातच, तर निदान पाहुणे येतील तेव्हा आडवे व्हा.