ओव्यासाठी पाच किलो

हिरामणच्या सुनेने, तृप्तीने, बाल्कनीच्या भिंतीवर झाडांसाठी कप्प्यांची जाळी ठोकून घेतली होती. त्यात पहिला मान हिरामणच्या बायकोच्या, झुंबरबाईच्या पानओव्याला. झुंबरबाई जाऊन सहा महिने झाले होते. मनमाडहून, माहेरून आणलेला तेवढा ओवा मागे राहिला होता.

हिरामणला दम निघेना. तृप्ती ऑफिसात गेली तशी त्याने कप्प्यांत गावची काळी माती दाबून भरली, ओवा लावला, वरून दोन तांबे पाणी ओतलं. माती जड झाली, खिळे सुटले, जाळी खाली. ओव्याचं खोड चेचलं; हाती तीन फांद्या उरल्या.

त्याने घाबरून तृप्तीला फोन लावला.

"बाबा, भिंतीवर माती नाही चालत. पीट लागतं. घरात पाच किलो आहे, भिजवून ठेवा. मी आलेच."

"सगळं?"

"हो, सगळं!"

पीठ? हिरामण विचारात पडला. पण पिकाच्या खतात, जीवामृतात, बेसन घालतातच की. पोर शिकलेली हाय, तिला ठाऊक असणार. त्याने गव्हाच्या पिठाचा डबा दोन परातींत रिकामा केला आणि मळायला बसला.

बायको गेल्यापासून कुणी दार वाजवलं, की तो "बरं हाय" म्हणून दार लोटून घ्यायचा. आज हात कोपरापर्यंत पिठात होते. शेजारच्या विठाबाई दार ढकलून सरळ आत आल्या.

"अगं बाई! भाऊ, पाहुणे किती?"

"पाहुणे नाय. ओवा लावायचाय."

"लावायचाय काय, घालायचाय म्हणा! पुऱ्या ना?" त्यांनी फांद्यांची मोठी पानं खुडून कणकेत मळली आणि जिन्यात जाऊन हाक दिली, "अगं, पोळपाट घेऊन या गं!"

तृप्ती आली तेव्हा हॉलमध्ये पाच बायका पुऱ्या लाटत होत्या.

"बाबा, हे काय?"

"तूच म्हणालीस, पीठ भिजवा."

ती हसत हसत खालीच बसली. मग तिने पलंगाखालून एक वीट काढली आणि मोठ्या टबात टाकून पाणी ओतलं. वीट फुगली, भुसभुशीत झाली, काठापर्यंत आली. "हे पीट. कोकोपीट. नारळाच्या काथ्याचं. हलकं असतं."

"हात्तिच्या! हे व्हय?"

जाळी पुन्हा ठोकली, वरच्या कप्प्यांत पीट भरलं आणि तिन्ही फांद्या त्यात खोचल्या. मग पंगत बसली. हिरामणने चौथी पुरी मागून घेतली, सहा महिन्यांत पहिल्यांदा. तृप्तीने ती लगेच वाढली.

पंधरा दिवसांनी फांद्यांना नवी पानं फुटली. हिरामण किती तरी वेळ बघत राहिला.

"तृप्ती, खालचे कप्पे रिकामेच हायेत. भिजवू का?"

"काय, बाबा? पीट की पीठ?"

हिरामणने विठाबाईंच्या दाराकडे पाहिलं.

"दोन्ही."