केदारखेड्याचे आद्य वैमानिक

राज्यातील सैनिक आणि आद्य लष्करी वैमानिक यांच्या जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन जालन्यात भरवायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक तालुक्यानं पाच सैनिक आणि एक वैमानिक पुरवावा, असं परिपत्रक निघालं. सैनिक मिळाले. भोकरदन तालुक्यात वैमानिक मात्र मिळेना. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या कोणीही विमान चालवलेलं नव्हतं, ही बाब वरिष्ठांनी गांभीर्यानं घेतली आणि तालुक्याकडून लेखी खुलासा मागवला.

अशा वेळी केदारखेड्याच्या दैवशालाबाई आजोबांचा फोटो पिशवीत घालून प्रदर्शनाच्या कार्यालयात आल्या. आजोबा संपत पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर बसऱ्याला गेल्ते. फोटोत दुहेरी पंखांचं विमान होतं. पंखावर तळहात ठेवून, छाती काढून आजोबा उभे होते आणि मागं विमानात बसलेला गोरा साहेब जरा पुसट आला होता. "म्या इमानाला हात लावलाय," असं आजोबा जन्मभर सांगत राहिले आणि गाव जन्मभर हसत राहिलं. हा फोटो तर आजोबा गेल्यावर पेटीच्या तळाशी सापडला. दैवशालाबाईंना शाळेत सगळे 'इमानवाल्याची नात' म्हणून चिडवायचे. आता सत्तरीला टेकताना त्यांची एकच इच्छा होती. फोटो चार लोकांपुढं लागावा, खाली आजोबांचं नाव असावं.

अव्वल कारकून हरिओम यांनी फोटो पाहिला आणि ते खुर्चीतून उठले. कामासाठी उठण्याची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ.

"मावशी, हे वैमानिक होते?"

"न्हाई बाबा. विमान चिखलात रुतलं की ढकलायचे."

"म्हंजे यांच्यामुळं विमान पुढं जायचं?"

"तसं जायचं."

"मंग विमान चालवायचेच की," असं म्हणून हरिओम यांनी रकान्यात 'वैमानिक' लिहिलं. ढकलणाऱ्यांसाठी रकाना नव्हता.

पुढं रहिवासाचा प्रश्न आला. "तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. विमान बसऱ्याचं, साहेब विलायतेचा. यात महाराष्ट्राचं काय हाय?"

"मी हाये," दैवशालाबाई म्हणाल्या.

हरिओम यांनी 'वैमानिक : नातीमुळे स्थानिक' अशी नोंद घेतली.

घरी गेल्यावर बाईंना चैन पडेना. ज्या माणसाला खरं बोलूनही खोटं ठरवलं, त्याच्या नावावर आता सरकारी खोटं चढणार होतं. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं : पदनाम कमी करून घेण्यासाठी संबंधितानं स्वतः समक्ष हजर राहावं.

"ते अठ्ठ्याहत्तर साली वारले," बाई म्हणाल्या.

"दाखला आणा."

दाखला आणला. हरिओम यांनी तो दोनदा वाचला. "मयत वैमानिक नव्हते, असं यात कुठंच लिहिलेलं न्हाई, मावशी. उलट पक्कं झालं."

उद्घाटनाला फोटो दाराएवढा मोठा होऊन लागला. संगणकवाल्यानं आजोबांच्या डोळ्यांवर वैमानिकाचा चष्मा चढवला होता. खाली ठळक अक्षरं होती : 'आद्य वैमानिक संपत'. विमानात बसलेल्या साहेबाखाली लिहिलं होतं : 'अज्ञात मदतनीस'.

केदारखेड्याहून दोन टेम्पो भरून लोक आल्ते. प्रमुख पाहुण्यांनी फोटोला सलाम ठोकला. सरपंच नंदाबाई म्हणाल्या, "आमच्या गावाला पहिल्यापासूनच बराबर माहीत होतं." टेम्पोतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

दैवशालाबाईंना राहवलं नाही. त्यांनी माईक मागून घेतला. "माझ्या आज्यानं कधी विमान चालवलं न्हाई. ढकललं. त्याचा त्याला लई अभिमान होता."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे गहिवरून म्हणाले, "एवढी विनम्रता फक्त वैमानिकांच्या घराण्यातच असते."

दुसऱ्या दिवशी हरिओम चहाला गेले, तेव्हा बाईंनी आपल्या हातानं तो मोठा फोटो उतरवला. त्या जागेवर घरचा छोटा फोटो टांगला आणि खाली पुठ्ठ्यावर लिहून लावलं : 'संपत. विमान ढकलणारा शिपाई.' मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पंखावर टेकलेला तो तळहात त्यांनी इतका निवांत कधी पाहिलाच नव्हता. बोटं फाकलेली होती. हात लावल्याचं कोणालाही दिसावं अशी. बाईंना एकटीलाच हसू आलं.

लोक येत होते, पाटी वाचत होते आणि न थांबता पुढं जात होते. हरिओम परतले. त्यांनी पाटी पाहिली, कपाळाला हात लावला, पण उतरवली नाही. उतरवायला वरून लेखी आदेश लागला असता.

दुपारी एक गृहस्थ आले. चांगले शिकलेले, वाचनाची आवड असलेले वाटत होते. पाटी वाचून त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, इथं एका वैमानिकाचा फोटो होता म्हणे?"

बाईंनी पुसट साहेबाकडं बोट दाखवलं. "ते काय, बसलेत न्हाई का आत."

गृहस्थ खुलले. त्यांनी मोबाईल काढला, साहेब नीट मधोमध यावा म्हणून दोन पावलं सरकले आणि आजोबांना चौकटीबाहेर ठेवून फोटो घेतला. जाताना बाईंना आदरानं नमस्कारही केला.

त्यांचं नाव विचारायचं बाईंच्या ध्यानात राहिलं नाही. चेहरा मात्र लक्षात आहे, आणि त्या सांगतात त्यावरून तो तुमच्याशी बराच जुळतो.