नीलगिरी बुटकी करण्याचा उद्योग

"टेंभे साहब! नाली क्यों भर रहे हो? दिमाग़ फिर गया है क्या?"

आमचे इस्टेट ऑफिसर सक्सेना असे ओरडले की पार अरेरा कॉलनीतल्या म्हशी दूध द्यायच्या थांबल्या असतील. टेंभे थांबले नाहीत. डोक्याला पंचा, हातात घमेलं. त्यांनी मुरूम कोरड्या नालीत ओतला, पायानं चोपला आणि म्हणाले, "पेड़ छोटा कर रहा हूँ."

पेड़ म्हणजे त्यांच्या दारातली नीलगिरी. इतकी उंच, की शेंड्यावरच्या कावळ्यांना पार मंडीदीपच्या कारखान्यांची पाळी सुटलेली दिसायची. ती छोटी करायला हा गृहस्थ तिच्या बुंध्याजवळची जमीन वर उचलत होता!

हसू नका. आमची ही भोपाळची टाउनशिप सरकारी कंपनीची, आणि कंपनीचा धंदा विमानातून जंगलं मोजण्याचा. विमान वरून लेसरचे किरण सोडतं. काही किरण शेंड्याला आपटून परततात, काही पानांच्या फटींतून निसटून जमिनीला शिवून येतात. दोन्हींतला फरक म्हणजे झाडाची उंची. हा हिशेब टेंभे करायचे. इतकी वर्षं केला की त्यांना दुसरं काही सुचेनासं झालं. "शेंडा वजा जमीन!" एवढंच पालुपद. साडूच्या मुलीला बघायला इंदूरचे पाहुणे आले, तर यांनी भर बैठकीत अंबाडा वजा करून तिची खरी उंची जाहीर केली. मग अन्याय नको म्हणून मुलाच्या केसांचा फुगाही वजा केला. पाहुणे अर्धे पोहे टाकून उठले.

अशा माणसाच्या दारात संकट आलं. वादळात एक फांदी कुणाच्या तरी छपरावर पडली आणि सक्सेनांनी फर्मान काढलं: घराच्या भिंतीपासून जितकं लांब, त्याहून उंच असलेलं प्रत्येक झाड कापायचं. जंगलावरून परतणाऱ्या विमानानं टाउनशिपही मोजून टाकली. आकडे काढले टेंभ्यांनीच. नीलगिरी हातभर जास्त भरली.

"अहो, हातभर कमी लिहा की!" मी म्हणालो.

"हट्! शेंडा आहे तिथेच आहे, सबनीस. त्यात खोटं कसं लिहू?" मग डोळे चमकले. "पण खालचा किरण नालीच्या तळाशी पडलाय. जमीन आपण वर आणू शकतो. विमान परवा परत येतंय!"

म्हणून हे घमेलं. आणि इकडे करवत, दोरखंड घेऊन सक्सेनांची माणसं विमान यायच्या आदल्या दिवशीच हजर.

"देखिए टेंभे जी," सक्सेनांचा आवाज जरा खाली आला, "एक पेड़ के लिए इतना तमाशा? दूसरा लगवा दूँगा."

"ये वाला चाहिए. सुमन इसी को देखकर घर आती है."

सुमनवहिनी म्हणजे टेंभ्यांच्या मिसेस. आमची क्वार्टर्स एका साच्यातून काढलेली. मीसुद्धा एकदा भलत्याच घरात जेवून, वर वामकुक्षी करून उठलोय. वहिनी हल्ली बरंच विसरायच्या, हे कॉलनीला माहीत होतं. पण संध्याकाळी एकट्या फिरायला जात आणि नेमक्या घरी येत, ही काही आम्हाला नवलाची गोष्ट वाटली नव्हती.

"तो गेट पर बोर्ड लगा देते हैं," सक्सेना म्हणाले. "बड़े अक्षरों में. टेंभे."

टेंभ्यांनी घमेलं खाली ठेवलं. "पढ़ना भूल गई है."

तेवढ्यात वळणावर वहिनी दिसल्या. मान वर, नजर आभाळात. एकसारखी फाटकं एकामागून एक मागे टाकत त्या आल्या आणि नीलगिरीपाशी वळून आपल्या फाटकातून आत शिरल्या. आम्हा सगळ्यांना बघून म्हणाल्या, "अगं बाई, पाहुणे? चहा टाकते हं."

सक्सेना पायरीवर बसले. चहा आला, त्यात साखरेऐवजी मीठ होतं. त्यांनी तो तळापर्यंत प्यायला, "बहुत बढ़िया, भाभी जी," म्हणाले आणि उठले.

करवतवाला पुढे झाला. "साहब, पेड़ कब काटना है?"

सक्सेनांनी रुमालानं तोंड पुसलं.

"कौन-सा पेड़?"