शून्य शंकांचा वर्ग

वर्गातली शांतता हा शिक्षणाचा पाया असून, शिक्षण त्या पायावर मागाहून, सवड मिळेल तसं बांधायचं असतं. याबद्दल तज्ज्ञांचं एकमत आहे. (विद्यार्थ्यांचं मत अद्याप मागवण्यात आलेलं नाही.)

सातवी ‘ब’ला भूगोल शिकवणाऱ्या सरांचा पाया मात्र पहिल्यापासून कच्चा होता. नोकरी बावीस वर्षांची, पण आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जाता जाता त्यांच्या हुकमाची विनंती व्हायची. वर्गात मुलं बावन्न. त्यांतली कोणत्याही क्षणी सरासरी एकोणीस बोलत असत, अकरा ऐकत असत (एकमेकांचं), आठ खिडकीबाहेर बघत असत. उरलेल्यांची मोजणी होऊ शकली नाही, कारण ती जागेवर सापडत नसत.

या वर्गाच्या बरोबर खाली मोठ्या बाईंचं ऑफिस होतं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. (उंची चार फूट अकरा इंच, मोठेपण हुद्द्याचं.) वरचा गोंगाट मोजायचं त्यांचं साधन शास्त्रीय होतं: टेबलावरची कपबशी. कप नुसता किणकिणला, तर वर भूगोल चालू आहे. कप सरकत कडेला आला, तर भूगोलात ज्वालामुखी चालू आहे.

एका सोमवारी बाईंनी सरांना बोलावून घेतलं. पाच आठवड्यांनी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते.

“सर, माणूस म्हणून तुम्ही फार चांगले आहात,” बाई म्हणाल्या. (ही प्रस्तावना चांगल्या बातमीआधी करायची पद्धत नाही.) “पण साहेबांसमोर सातवी ‘ब’ अशीच कलकलली, तर वर्ग मला काढून घ्यावा लागेल. तुम्ही मग नकाशांची खोली सांभाळा. तिथे कोणी बोलत नाही.”

हे खरं होतं. नकाशांच्या खोलीत सतरा गुंडाळलेले नकाशे, एक चेपलेला पृथ्वीगोल आणि एक मोडकी शिडी होती, आणि सगळ्यांचीच वर्तणूक समाधानकारक होती.

सरांची नोकरी शाबूत राहणार होती, जाणार होता तो वर्ग. आणि स्टाफरूममध्ये चारचौघांत कबूल करण्यासारखी नसली, तरी गोष्ट अशी होती की सरांना सातवी ‘ब’ आवडायची. विशेषतः तिसऱ्या बाकावरची ती मुलगी, जिला सगळे शिक्षक ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत. समुद्रसपाटी भरतीची धरायची की ओहोटीची? वारा दिसत नाही, तर त्याचे बाण पहिल्यांदा काढले कोणी? सरांना यांतलं निम्मं माहीत नसायचं. ते घरी जाऊन पुस्तकं उपसत आणि दुसऱ्या दिवशी, जन्मापासून ठाऊक असल्यासारखा चेहरा करून, उत्तर देत. बावीस वर्षांत सर जो काही भूगोल शिकले, तो अशाच धास्तीपोटी.

तेव्हा वर्ग वाचवायचा तर वर्ग गप्प करणं भाग होतं. सर कामाला लागले.

पहिला उपाय पारंपरिक: हाताची घडी, तोंडावर बोट. बावन्न मुलांनी घडी घातली. मग प्रश्नपत्रिकेने विचारलं की दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायचं बोट कोणाचं घ्यायचं. शिक्षणशास्त्रात ही शंका आजवर कोणी काढलेली नाही. सरांनी टेबलाआड स्वतः करून पाहिलं, घरी आरशासमोर पुन्हा पाहिलं आणि उपाय मागे घेतला.

दुसरा उपाय, बोलणाऱ्यांची नावं मॉनिटरने फळ्यावर लिहिणे. मॉनिटर कर्तव्यदक्ष निघाला. वीस मिनिटांत फळा भरला आणि भूगोलाला जागा उरली नाही. यादीत शेवटचं नाव ‘सर’ असं होतं, आणि ते नियमाला धरूनच होतं.

तिसरा उपाय व्यायामाच्या सरांनी सुचवला. “ओरडायचं नाही हो. नुसतं बघायचं. टक लावून.” सरांनी टक लावली. चौथ्या मिनिटाला पुढच्या बाकावरून चौकशी झाली की सर, डोळ्यात काही गेलंय का, आणि दोघंजण पाणी आणायला धावले. ते मधल्या सुट्टीनंतर परतले.

तेव्हा कुठे सर मुळाशी गेले. त्यांनी एक अख्खा तास नोंदी ठेवल्या. त्या तासाला गोंगाट एकूण चाळीस वेळा उसळला आणि त्यांपैकी सदतीस वेळा सुरुवात कोणाच्या तरी शंकेने झाली. (उरलेल्या तिनांत एक पाल होती.) निष्कर्ष उघड होता. मुलं वाईट नव्हती. शंका वाईट होत्या.

दुसऱ्याच दिवशी टेबलावर बुटांच्या खोक्याची शंकापेटी आली आणि भिंतीवर नियमावली. शंका तोंडी विचारू नये, लेखी टाकावी. एका चिठ्ठीत एकच शंका असावी. शंका कोणत्या पानावर आली आणि का आली, ते नमूद करावं. खाली पालकांची सही घ्यावी. योग्य शंकांना तीन दिवसांत उत्तर मिळेल. योग्य कोणत्या, ते सर ठरवतील. शंकापेटीबद्दलच्या शंका स्वीकारल्या जाणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या आल्या चौसष्ट. त्यांतल्या एकोणसाठ सहीअभावी परत गेल्या. दुसऱ्या आठवड्यात सतरा आल्या. तिसऱ्या आठवड्यात पेटी उघडली, तर आत फक्त बुटांचा वास होता. शंका संपल्या, म्हणजे विषय समजला. याहून सरळ तर्क भूगोलात तरी नाही. खाली बाईंचा कप आठ दिवसांत एकदाही हलला नाही. बाईंनी शिपायाला वर पाठवून वर्ग जागेवर आहे ना, याची खात्री करून घेतली.

सरांनी या यशाचा आलेख काढून बायकोला दाखवला. बायको दवाखान्यात नर्स. तिने शून्यावर टेकलेली रेघ बराच वेळ पाहिली.

“अहो, आमच्या वॉर्डात सगळे एकदम असे शांत झाले ना,” ती म्हणाली, “की आम्ही आधी नाडी बघतो.”

सरांनी आलेखाची घडी करून खिशात ठेवली. दवाखान्याची गोष्ट वेगळी, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

तपासणीचा दिवस आला. साहेब मागच्या बाकावर गुडघे आवळून बसले. पेटी पडद्यामागे ठेवली होती, कारण साहेबांना खोका दिसला असता तर त्यांनी बूट कुठे आहेत ते विचारलं असतं. पाठ होता दिशा आणि वारे. सरांचा एक डोळा मागच्या बाकावर होता. त्यांनी फळ्यावर चौकोन आखला, वर उत्तर लिहिली, खाली दक्षिण लिहिली, आणि डावीकडे लिहिली पूर्व, उजवीकडे पश्चिम.

पुढचा सगळा धडा त्या चौकोनाच्या भरवशावर चालला. पूर्वेकडचे वारे उलट्या बाजूने आले, त्यांनी पाऊस भलत्या किनाऱ्यावर पाडला, सूर्य डाव्या हाताने उगवून उजव्या हाताने मावळला. बावन्न मुलांनी ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. निसर्गात एवढी उलथापालथ इतक्या शांततेत पूर्वी कधी झाली नसावी.

पंचविसाव्या मिनिटाला सर दोन पावलं मागे सरले आणि त्यांना चूक दिसली. त्यांनी खडू उचलला. पण साहेबांसमोर आपलीच पूर्व आपण पुसायची, तर नकाशांची खोली ठरलेली. एखाद्या मुलाने विचारलं असतं, तर ‘शाब्बास, मी मुद्दामच लिहिलं होतं’ असं म्हणता आलं असतं. ही सबब सरांनी बावीस वर्षं वापरली होती. त्यांनी आशेने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. प्रश्नपत्रिका फळ्याकडे बघत होती. मग तिने खिडकीतून आत आलेल्या उन्हाकडे पाहिलं, मग पुन्हा फळ्याकडे. तिचा हात खांद्यापर्यंत वर आला. तिथून तो खाली गेला आणि तिने वहीत समास आखला.

साहेबांच्या शेऱ्यात लिहिलं होतं: शिस्त, उत्कृष्ट. फळ्याचा वापर, सुबक. शंका, निरंक.

शाळा सुटल्यावर सरांनी तिला जिन्यात गाठलं.

“तुला चूक दिसली होती ना गं?”

“हो सर.”

“मग बोलली का नाहीस?”

“सही आणायला वेळच नव्हता, सर,” ती म्हणाली. “आई संध्याकाळी येते कामावरून.”

तिने टोमणा मारला असता, तर सरांना बरं वाटलं असतं. पण ती खरोखर अडचण सांगत होती.

सरांनी त्याच संध्याकाळी पेटी फाडली. दुसऱ्या दिवशी दिशा सुधारल्या आणि वर्गाला बजावलं की आजपासून काहीही, कधीही, तोंडी विचारा. मुलांनी वह्या उघडल्या आणि ‘काहीही, कधीही, तोंडी विचारा’ हे वाक्य लिहून घेऊन त्याखाली पट्टीने रेघ मारली.

ही जखम भरायला वर्षभर तरी लागेल, असा सरांचा अंदाज होता, आणि वर्षभर थांबायची त्यांची तयारी होती. पण आठव्या दिवशी साहेब स्वतः ऑर्डर घेऊन आले. सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बसवून त्यांनी ती वाचून दाखवली. भिंतीवरची नियमावली साहेबांनी तपासणीच्या दिवशीच टिपून घेतली होती, आणि सातवी ‘ब’मधला हा शंकापेटीचा प्रयोग चाळीस शाळांमध्ये राबवायचा होता. सर त्याचे मार्गदर्शक. त्यांनी उद्यापासून गावोगाव फिरावं. वर्गाची जबाबदारी त्यांच्यावरून काढून घेण्यात येत आहे.

वाक्यं सरांनी रात्रीच जुळवून ठेवली होती, कारण कुणकुण लागली होती. साहेब, तो वर्ग शांत नव्हता, घाबरलेला होता. त्या दिवशी मी पूर्व चुकवली आणि ती कोणीच दुरुस्त केली नाही, तुम्हीसुद्धा नाही. मला माझा वर्ग परत द्या. एकूण तीन वाक्यं, बारा सेकंदांचं काम.

“कुणाला काही म्हणायचंय?” साहेबांनी विचारलं.

व्यायामाचे सर बुटांची नाडी तपासत होते. मोठ्या बाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या. सरांनी घसा साफ केला, घड्याळात पाहिलं, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

काही वाचकांना इथे सरांचा राग आला असेल, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर उठून बोललो असतो, असंही वाटलं असेल. तसं असेल तर आनंदच आहे. फक्त आपली शेवटची बैठक तेवढी आठवून पाहावी. ऑफिसची, इमारतीची, पालकांची, कोणतीही चालेल. पुढे उभा असलेला माणूस धडधडीत चुकीचं सांगत होता आणि ते आपल्याला कळत होतं. मग त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि आपण चष्मा पुसायला घेतला. (चष्मा नसल्यास फोन.) सातवीत आपल्याला भूगोल कोणी शिकवला, ते आम्हाला माहीत नाही. पण काम चोख झालेलं आहे.