सातव्या ऋषिपंचमीचा अळू

वाशीच्या वनमालाबाईंची ऋषिपंचमी यंदा सातवी, म्हणजे उद्यापनाची. सहा वर्षं त्यांनी या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही तोंडात घातलं नव्हतं. आजचा दिवस तेवढा निभावला की व्रत पूर्ण! आणि यंदा चिंताही नव्हती, कारण परसात बिननांगराचा, बिनबैलाचा अळू माजला होता. शेजारची लालबी नळदुर्गाच्या नणंदेकडून कंद घेऊन आली होती, त्याला ही सुपाएवढी पानं फुटली होती. ("अळूच असंल की, भाबी," एवढी खात्री लालबीनं दिलेली होती.)

सकाळीच त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, तेवढी पानं कापून आणा." तात्यांनी नुसती आणलीच नाहीत, तर धुऊन, चिरून दिली. वनमालाबाई गहिवरल्याच. भाजी झाली, नैवेद्य झाला, आणि भगरीबरोबर सगळे जेवायला बसले. लालबीही भाजी चाखायला आली होती.

सून सोनाली तेवढी मागं राहिली. तिच्या फोनात फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं नवं ॲप आलं होतं. ती परसातून ओरडतच आली.

"आई! फोन म्हणतोय, हा अळू न्हाईच!"

"मग काय हाय?"

"हत्तीकान. शोभेचं झाड. विषारी. खाऊ नये!"

वनमालाबाईंचा घास हातातच राहिला. लालबीचा मात्र गिळून झाला होता.

"अगं, दुसऱ्या बाजूनं काढ फोटो!"

सगळ्या परसात पळाल्या. दुसऱ्या बाजूनं फोन म्हणाला, ब्राझीलच्या जंगलातली वेल. तिसऱ्या वेळी वनमालाबाई झाडाला हळदकुंकू वाहून हात जोडून उभ्या राहिल्या, तर फोन म्हणाला, केळ.

"बघ! देवाचंच झाड निघालं!"

"आई, तो तुमच्या हिरव्या पदराचा फोटो आलाय."

तेवढ्यात लालबीनं गळा धरला. "या अल्ला! भाबी, घसा लई खाजतोय!"

वनमालाबाईंचा तर पहिल्या घासापासून खाजत होता. (व्रतात कुरकुर करू नये म्हणून गप्प होत्या.) म्हणजे विष चढलंच! त्या धडपडत घरात आल्या. बघतात तर तात्या ताटावरच.

"भाजी वाढा की अजून थोडी."

वनमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस का लालबी? मला एकटीला जाऊ देईनात गं!"

"तात्या, उठा! दवाखान्यात चला!" सोनाली किंचाळली.

तात्यांनी मान खाली घातली. "दवाखाना कशाला? ही भाजी परसातली न्हाईच. त्या पानाखाली सरडा बसला होता, डोळे वटारून. मी आपली गुपचूप बाजारातून अळूची जुडी आणली."

यापेक्षा विष परवडलं, असं वनमालाबाईंना झालं. बाजारातली! म्हणजे नांगरल्या रानातली! सात वर्षांचं व्रत उद्यापनाच्या दिवशीच बुडालं! त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"कुणाच्या मळ्यातली?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कोंडाबाईच्या."

"बैलजोडी असंल तिच्याकडं..."

"बैल? ते विकून चार वर्षं झाली. सगळं रान ट्रॅक्टरवर हाय तिचं."

वनमालाबाई ताडकन उठल्या. ट्रॅक्टरबद्दल व्रताच्या कहाणीत अवाक्षर नव्हतं! त्यांनी ऋषींना तिथूनच नमस्कार केला.

"ते समदं खरं, भाबी," लालबी कण्हली, "पर मग माझा घसा कशानं खाजतोय?"

सोनालीनं ओट्याकडं बोट दाखवलं. भाजीत घालायचा चिंचेचा कोळ वाटीत जसाच्या तसा होता. चिंचेशिवाय अळू खाजणारच! नैवेद्याआधी चाखायचं नाही, त्यामुळं कुणाला पत्ताच नाही.

वनमालाबाई चाटच पडल्या. मग हळूच तात्यांकडं वळल्या. "अहो, तुमचा न्हाई का खाजत घसा?"

"खाजतोय की," तात्या ताट पुसत म्हणाले. "पण तीस वर्षांत मी कधी बोललोय का?"