अनारशांवर चाललेली सायकल

धोंड्याच्या जेवणाला जावई वाशीहून सायकलवरून येणार हे कळल्यावर पेणच्या सासूबाईंनी उलट टपाली विचारलं होतं, जावईबापूंची तब्येत बरी आहे ना? इकडे वाशीत सुधीरच्या आईला, दुर्गाबाईंना, ही शंका केव्हापासूनची होती. पण सुधीरची तब्येत ठणठणीत होती. बेलापूर रोडवरच्या कारखान्यात तो रोज सायकलनं जायचा, आणि सुट्टीच्या दिवशी लोक झोपतात तेव्हा हा उगीच पनवेलला जाऊन परत यायचा. खाडीच्या वाऱ्यात डोकं खाली घालून पॅडल मारणारा तो किडकिडीत माणूस दिसला की सेक्टरातली कुत्री भुंकायचं सोडून बघत राहायची. असा गडी त्या काळी अख्ख्या वाशीत दुसरा नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याची जरा फजिती व्हायची आहे.

त्याला खोड एकच होती. लांबच्या रपेटीत काय खावं याचं शास्त्र त्यानं कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. उकडलेला बटाटा, तोही बिनमिठाचा, थोडे खजूर आणि लिंबूपाणी. तूप, गूळ, तळण यांचं नावसुद्धा काढायचं नाही.

"औताला जुंपायच्या आधी बैलालासुद्धा पेंड घालतात," दुर्गाबाई म्हणायच्या.

"आई, बैल सायकल चालवत नाही."

"त्याला अक्कल असते."

सुधीरला दिवाळीत सायकलनं महाबळेश्वर गाठायचं होतं. गेलं वर्षभर तो झोपेतसुद्धा घाट चढत होता. पण आईच्या परवानगीशिवाय त्या घरात दूधसुद्धा उतू जात नसे. पेणच्या बेतावरून दुर्गाबाईंनी अट घातली.

"वैजूची आई वाणाचे अनारसे देईल. तेहतीसच्या तेहतीस, एकही न मोडता, या सायकलवरून इथे आण. आणलेस तर जा महाबळेश्वरला. नाहीतर ही सायकल मी दूधवाल्या पोपटला देऊन टाकीन."

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, आणि विहिणीकडून आलेलं वाण बिल्डिंगभर दाखवणं हे मुलाच्या आईचं हक्काचं सुख असतं. त्यात सुनेच्या, वैजयंतीच्या, आईच्या अनारशांची जाळी पेणमध्ये नावाजलेली. दुर्गाबाईंना स्वतःला ते कधी जमले नव्हते. सुरुवातीला त्यांचे अनारसे तुपात हसायचे, म्हणजे पडल्या पडल्या विरघळून जायचे. हसू नयेत म्हणून त्यांनी गूळ कमी केला, तेव्हापासून ते इतके गंभीर झाले की दाताला दाद देईनात. म्हणून वाण आलं की सगळ्यांना बोलावायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. तळमजल्यावरच्या नंदिनीला रविवार संध्याकाळचं आमंत्रण गेलं, आणि नंदिनीला सांगितलं म्हणजे बिल्डिंगला सांगितलंच.

शनिवारी सुधीर बटाटा आणि खजुरावर पेणला पोचला. शास्त्र खरं ठरल्यामुळे तो खूश होता. वैजयंती आधीच एस.टी.नं येऊन राहिली होती. दुपारी पाट मांडले, औक्षण झालं, आणि पुरण भरलेले धोंडे तुपाच्या धारेसह ताटात पडू लागले. "जावईबापू, माझ्या हातचा एक," झालं, "हिच्या वाटचा एक," झालं, मग सासरे उठून स्वतः वाढायला आले. पान सोडून उठेपर्यंत सुधीरचं शास्त्र बुडालं होतं. रात्री तो डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळायलासुद्धा तयार नव्हता.

त्याचं प्रायश्चित्त त्यानं सकाळी घेतलं. सासूबाईंनी पेणच्या पोह्यांची बशी पुढे केली, वर ओलं खोबरं, बाजूला पोह्याचा पापड. सुधीरनं हात जोडले.

"अहो, निदान दोन घास तरी घ्या," वैजयंती म्हणाली. ती अजून आठवडाभर माहेरी राहणार होती. "आई सकाळपासून खपतेय. आणि ऊन बघा बाहेर."

"पोट हलकं हवं," सुधीर म्हणाला.

सासूबाईंनी बशी आत नेली. त्यांनी अनारसे जुन्या मऊ लुगड्यात एकेक करून गुंडाळले, डब्यात भरले, आणि डबा कॅरिअरला असा बांधला की सायकल उलटी केली असती तरी हलला नसता. वर्षानुवर्षं लेकीबाळींच्या पाठवणीला डबे बांधून तो हात तयार झाला होता.

कर्नाळ्याच्या चढावर सुधीर दम खायला थांबला. हँडलला अडकवलेल्या पिशवीत बटाटे, खजूर आणि पैशाचं पाकीट होतं. तो घाम पुसतोय तोवर एक माकड आलं, पिशवी उचलली आणि झाडावर जाऊन बसलं. त्यानं आधी बटाटा काढला, एक चावा घेतला, सुधीरकडे जरा दयेनं बघितलं आणि बटाटा खाली टाकून दिला. खजूर मात्र त्यानं मनापासून खाल्ले. मग पिशवी घेऊन ते आतल्या रानात निघून गेलं, आणि तिच्याबरोबर पाकीटही गेलं.

पळस्प्याच्या पुढे पोटात कावळे ओरडू लागले. पनवेलच्या हॉटेलांतून भज्यांचा वास येत होता आणि खिशात दमडी नव्हती. पनवेल मागे टाकेपर्यंत पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि सुधीर सायकलसकट एका बाभळीखाली बसला. नुसतं बघावं, मोडले तर नाहीत ना, म्हणून त्यानं डबा उघडला. एकही मोडला नव्हता. त्यामुळे खायला निमित्तही सापडेना. शेवटी त्यानं एक बिननिमित्ताचाच खाल्ला.

त्या अनारशाबद्दल काय सांगावं. तांदूळ तीन दिवस भिजवलेले, पीठ गुळात मुरवलेलं, वर खसखस, कडेला कुरकुरीत आणि मध्ये तुपानं नुसता ओथंबलेला. तो पोटात गेला आणि सुधीरच्या पायांना आपण कुणाचे आहोत ते आठवलं. उभ्या उभ्या पॅडल मारत तो कळंबोलीला पोचला. तिथे त्यानं विचार केला की बत्तिसाचं काही वाण होत नाही. म्हणजे वाण मोडलंच आहे, तर मग एकानं काय आणि दोनानं काय. असा विचार माणसाला एकदा सुचला की डब्याचं झाकण घट्ट बसत नाही.

खारघरच्या डोंगराखाली पुन्हा अंधारी आली. रस्त्याकडेला चांगुणाबाई नावाची आगरी म्हातारी काकड्या विकत बसली होती. तिनं याला हाताला धरून सावलीत बसवलं.

"कं रं बाबा, चक्कर आली कं? बस आदी. पानी पी."

"मावशी, पैसे नाहीत माझ्याकडे."

"पान्याचं पैसं कोन घेतं?" तिनं काकडी कापून मीठ लावून पुढे केली. फुकट खायचं सुधीरच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं डबा पुढे केला. चांगुणाबाईनं एक अनारसा चावला आणि डोळे मिटले.

"सासूनं दिलान कं? लई गोड हात हाय तिचा. मना अजून दे, सुनांना दावतं. त्यांना कलू दे, अनारसा कसा असतं तं."

"सुना किती आहेत मावशी?"

"पाच हायत. आनि एक पोरगी."

सुधीरनं मोजून दिले. मग समोरून खाडीचा वारा सुटला आणि हिशेब साधा झाला. वारा वाढला की अनारसा, चढ आला की अनारसा. बेलापूर गेलं, करावे गाव डाव्या हाताला गेलं, आणि त्या वाऱ्यात तो किडकिडीत माणूस असा चालला होता की मागून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर कौतुकानं हॉर्न वाजवत गेला. इतकी सुंदर सायकल त्यानं जन्मात चालवली नव्हती. नेरूळला डब्यात एकच उरला. तो त्यानं लुगड्यात गुंडाळला, झाकण लावलं, आणि शेवटचा टप्पा नुसत्या आईच्या धाकावर काढला.

घरात सतरंजीवर बायका बसल्या होत्या. दुर्गाबाईंनी डबा हातात घेतला. तो फारच हलका लागला.

"किती मोडले?"

"एकही नाही."

"मग?"

"खाल्ले," सुधीर म्हणाला, आणि माकडापासून सगळं सांगून टाकलं. दारामागे सायकल उभी होती. तिच्याकडे बघायचं धैर्य त्याला होईना. पोपट उद्या पहाटे दूध घालायला येणारच होता.

दुर्गाबाईंनी उरलेला एक अनारसा उजेडात धरून जाळी बघितली. नंदिनी पुढे सरकली. अनारशाचा तुकडा मोडून दुर्गाबाईंनी तोंडात टाकला आणि बाकीचा बायकांत वाटला.

"जाळी छान पडलीय," त्या म्हणाल्या. हे म्हणायला मोठं मन लागतं, आणि ते त्यांच्यापाशी होतं. "पण पुरले कुठे? पेणहून वाशीपर्यंत पुरले नाहीत, ते महाबळेश्वरला काय पुरणार?"

"म्हणजे... मी जाऊ?"

"जा. माणूस अनारशांवर सायकल चालवतो हे कळलं मला. पण डबा मी करून देणार. माझे अनारसे पुरून उरतील."

यावर कोणी हसलं नाही. नंदिनीला मात्र पदर तोंडाला लावून खोकला आला.

दिवाळीत दुर्गाबाईंचा डबा कॅरिअरला बांधून सुधीर निघाला. बटाटे त्यानं घेतले नव्हते. तो परत आला तो उन्हानं काळा पडून, पण ताठ बसून. सारी बिल्डिंग खाली उतरली होती. दुर्गाबाईंनी डबा सगळ्यांसमोर उघडला, उलटा केला, हलवून पाहिला.

"एकही उरला नाही हो," त्या नंदिनीला म्हणाल्या. पुढचे कित्येक दिवस त्यांचा चेहरा तसाच फुललेला राहिला.

वैजयंतीनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"पसरणीच्या घाटात माकडं भेटली असतील," ती हळूच म्हणाली.

सुधीरनं मान हलवली. गालाला हात लावून, तोंड फारसं न उघडता तो म्हणाला, "भेटली. एकानं एक अनारसा घेतला होता. परत आणून ठेवला."

"मग बाकीचे?"

"खाल्ले. आईनं केले होते ना."

वैजयंतीनं त्याच्याकडे बघितलं. मग तिनं त्याच्यासाठी गुरगुट्या भात टाकला.